डोकं नसलेली गिटार: घ्यावी की नको?

आजचा विषय वाद्याचा आहे, पण तबला-पेटीचा नाही. आपल्या घरांतली मुलं हल्ली शाळेच्या बँडमध्ये वाजवतात, सुट्टीच्या दिवशी मित्रांना बोलावून बेसमेंटमध्ये तालीम करतात, आणि वाढदिवस जवळ आला की हळूच सांगतात, "आई, मला हेडलेस गिटार हवी." फोटो बघून घरातल्या आजी विचारतात, "अगं, हिचं वरचं तुटलंय का?" तुटलेलं नाही. या इलेक्ट्रिक गिटारला हेडस्टॉक, म्हणजे खुंट्यांचं डोकं, मुद्दामच ठेवलेलं नाही.

दुकानदार तिला 'मॉडर्न' म्हणतो. पण हा प्रकार जवळजवळ पंचेचाळीस वर्षांचा आहे. तो एकदा आला, गाजला, मग बाजारातून बराचसा नाहीसा झाला आणि पुन्हा आला. तो का आला आणि का गेला, हे समजलं की घ्यायची की नाही हा निर्णय सोपा होतो. म्हणून आधी थोडा इतिहास.

तंतुवाद्याला डोकं लागलं ते खुंट्यांसाठी. तार एका टोकाला बांधायची आणि दुसऱ्या टोकाला पिळून सूर चढवायचा. सतार, व्हायोलिन, गिटार, सगळीकडे हीच रीत. पण तारेचा वाजणारा भाग असतो फक्त घोडी आणि नट यांच्यामधला. नट म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी. तिच्या पलीकडे खुंटीपर्यंत जाणारी तार वाजत नाही, उलट कटकट करते. तार ओढून वाजवली की ती नटाच्या खाचेत अडकते, खुंटीवरचे वेढे सैल होतात आणि सूर उतरतो.

सूर डोक्याकडेच लावला पाहिजे असं काही नाही, हे आपल्याला नवीन नाही. तंबोरा आठवा. खुंट्या वर असतात, पण बारीक सूर लावतात तो भोपळ्याकडे, घोडीच्या मागे तारेत ओवलेले मणी सरकवून. खुंटीनं जवळपास यायचं आणि मण्यानं नेमकं जुळवायचं. हेडलेस गिटारमध्ये सगळंच काम त्या खालच्या टोकाला नेलेलं असतं.

हे ज्यानं बाजारात यशस्वी करून दाखवलं त्याचं नाव नेड स्टाइनबर्गर. हा काही वाद्यं घडवणाऱ्या घराण्यातला नव्हे. वडील जॅक स्टाइनबर्गर ज्यू कुटुंबातले. नाझींच्या काळात, १९३४ साली, लहानपणीच जर्मनीहून अमेरिकेत आले, आणि पुढे १९८८ मध्ये भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. नेड मात्र कलाशाळेत शिकला आणि फर्निचर डिझाइन करू लागला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये लाकूडकाम करणाऱ्यांच्या एका सामाईक वर्कशॉपमध्ये तो काम करत असे. तिथेच स्टुअर्ट स्पेक्टर बेस गिटार बनवत होता. त्याच्यासाठी नेडनं १९७० च्या दशकात एका बेसचा आकार काढून दिला. छातीशी नीट बसेल असा वक्र आकार होता तो.

बेसची दांडी लांब आणि वर लोखंडी खुंट्यांचा भार. पट्टा खांद्याला लावून हात सोडला की दांडी जमिनीकडे झुकते, आणि वाजवणारा डाव्या हातानं ती पेलत राहतो. खुर्ची करणाऱ्या माणसाला शरीराचा तोल लगेच दिसतो. नेडनं विचार केला, खुंट्या खाली आणल्या तर? आणि खुंट्या खाली आल्यावर डोकं ठेवायचंच कशाला?

१९८० च्या सुमारास त्याचा एल-टू बेस आला. चौकोनी, अरुंद, काळाभोर, अगदी वल्ह्यासारखा. लाकडाऐवजी कार्बन फायबर, काचतंतू आणि इपॉक्सी. दांडी आणि अंग एकाच साच्यातलं. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. या पदार्थाला हवामानाचं फारसं काही वाटत नाही. अमेरिकेतल्या औद्योगिक डिझायनरांच्या संस्थेनं त्याला पुरस्कारही दिला. पाठोपाठ सहा तारांची गिटार आली. स्टिंग, गेडी ली, टोनी लेव्हिन यांनी बेस हाती घेतला. अ‍ॅलन होल्ड्सवर्थनं गिटार घेतली, आणि एडी व्हॅन हेलनही स्टाइनबर्गर वाजवू लागला.

न्यूयॉर्कमध्येच त्या काळात अ‍ॅलन गिटलर यानंही डोकं नसलेली गिटार केली होती, तीही धातूची, माशाच्या काट्यासारखी दिसणारी. तिचा नमुना न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात आहे. गिटलर पुढे इस्राएलला जाऊन राहिला. त्याच्या हातच्या गिटारी मोजक्याच, साठेक. कल्पना कितीही सुंदर असली तरी मागे कारखाना आणि सुटे भाग नसतील, तर ती वाजण्याऐवजी काचेच्या कपाटात जाऊन बसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याच सुमाराला फ्लॉइड रोझ यानं साध्या गिटारसाठी वेगळा उपाय काढला होता. तार नटापाशीच स्क्रूनं घट्ट आवळायची आणि बारीक सूर खाली ब्रिजवर लावायचा. आता बघा, तार नटाशी आवळली की डोक्यावरच्या खुंट्यांना काम उरतं किती? नवीन तार चढवण्यापुरतं. म्हणजे डोकं असलेल्या गिटारीही अर्ध्या वाटेवर येऊन थांबल्या होत्या.

मग त्यांनी डोकं टाकलं का नाही? कारण डोक्यावर कंपनीचं नाव असतं. फेंडर लांबून ओळखू येते ती डोक्याच्या आकारावरून, गिब्सनही तशीच. आणि स्टेजवर उभ्या राहणाऱ्या पोराला हातातली गिटार गिटारसारखी दिसायला हवी असते. १९९० नंतर अमेरिकेत सिएटलच्या बँडांची लाट आली. कर्ट कोबेनच्या हातात जुन्या धाटणीची फेंडर होती. चकचकीत काळं कार्बन फायबर एकदम मागच्या दशकातलं वाटू लागलं. स्टाइनबर्गर कंपनी १९८० च्या दशकातच गिब्सनकडे गेली होती. महागड्या मूळ गिटारी पुढे बंद झाल्या, त्या नावाखाली स्वस्त लाकडी गिटारी तेवढ्या राहिल्या.

ज्यांनी त्या महागड्या गिटारी घेतल्या होत्या त्यांचं काय? वाद्य उत्तम वाजत होतं, पण त्याला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागत. साध्या दुकानात त्या मिळत नसत. ट्रान्सट्रेम नावाच्या त्यांच्या अफलातून ब्रिजचा भाग बिघडला तर बदली भाग शोधत फिरावं लागे. वाद्यात खोट नव्हती. ते घेणारा मात्र एकाच कंपनीच्या भरवशावर होता, आणि कंपनीनं वाट बदलल्यावर तो मागे राहिला.

दुसरी लाट स्वीडनमधून आली. ओला स्ट्रँडबर्ग हा इंजिनिअर. २००७ च्या सुमारास त्यानं हौस म्हणून गिटार बनवायला घेतली. तोवर संगीत बदललं होतं. मेटल वाजवणाऱ्यांना सात-आठ तारा हव्या होत्या. तारा वाढल्या की दांडी रुंद होते, खुंट्या वाढतात आणि डोक्याचा भार आणखी वाढतो, म्हणजे तोच जुना नेडचा प्रश्न. स्ट्रँडबर्गची बोडेन गिटार लाकडाचीच, पण साधारण अडीच किलोच्या आतबाहेर. भारी लेस पॉल चार किलोच्याही पुढे जाते. ऑस्ट्रेलियाचा प्लिनी, अमेरिकेचा टोसिन अबासी अशा वादकांच्या हातात ती दिसली आणि आपल्या मुलांनी ती यूट्यूबवर पाहिली. २०२१ मध्ये आयबानेझनंही आपली हेडलेस मालिका काढली. आता हा प्रकार एका कंपनीपुरता राहिलेला नाही, आणि माझ्या मते हीच या वेळची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

आता खरेदीकडे येऊ.

पहिलं, तारा. साध्या, एका टोकाला गोळी असलेल्या तारा बसतात का, हे आधी विचारा. आजच्या बहुतेक गिटारींना बसतात. वरच्या टोकाला छोट्या स्क्रूनं त्या आवळतात. ज्या गिटारीला फक्त खास तारा चालतात तिच्या वाट्याला जाऊ नका. आवळायची अ‍ॅलन की एक नाही, दोन घ्या, आणि एक गिटारच्या पिशवीतच राहू द्या.

दुसरं, खालच्या खुंट्या. सगळा जीव तिथे आहे. दुकानात प्रत्येक खुंटी बोटांनी फिरवून बघा. स्वस्त गिटारीत त्या जड जातात, आणि लहान बोटांना तर फारच. सुटे भाग वेगळे विकत मिळतात का, तेही विचारा.

तिसरं, सूर. "हेडलेस म्हणजे सूर उतरणारच नाही," असं सांगणारे भेटतील. नेडचा बेस कार्बन फायबरचा होता. आजच्या बहुतेक हेडलेस गिटारींची दांडी लाकडाची असते, काहींत आतून कार्बनच्या पट्ट्या घालतात. नटापलीकडची कटकट जाते हे खरं, पण हिवाळ्यात हीटर लागला की लाकूड आपला स्वभाव दाखवतंच.

चौथं, पडद्यांची रचना. अनेक हेडलेस गिटारींचे पडदे पंख्यासारखे तिरके असतात, म्हणजे जाड तार लांब आणि बारीक तार आखूड राहते. जाड तारा खालच्या सुरात लावल्या तरी ढिल्या पडत नाहीत. पण ज्याचे साधे कॉर्डही अजून बसलेले नाहीत, त्यानं आधी वाजवून बघावं.

पाचवं, घरगुती अडचणी. डोक्याला चिमट्यासारखा लावायचा ट्यूनर इथे लावणार कुठे? भिंतीवरचा हूक गिटारला डोक्याखाली धरतो, तोही निकामी. फोनवरचा ट्यूनर आणि वेगळा स्टँड, एवढा खर्च धरून चाला.

आणि प्रवास. साधी इलेक्ट्रिक गिटार मीटरभर लांब असते, हेडलेस बरीच आखूड. इथे अमेरिकेत २०१२ च्या कायद्यानं विमान कंपन्यांवर बंधन आहे: गिटारसारखं छोटं वाद्य चढण्याच्या वेळी वरच्या कप्प्यात किंवा सीटखाली मावत असेल, तर ते केबिनमध्ये नेऊ द्यायचं. कप्पा भरला की मात्र पर्याय नाही. मुंबईला जाताना दुसऱ्या देशाची कंपनी असेल तर तिचे नियम आधी वाचा. दर सुट्टीत गावी जाऊनही रियाज न सोडणाऱ्या मुलासाठी हा फायदा मोठा आहे.

तर घ्यावी का? पहिलीच गिटार असेल, तर माझं मत नको. साधी घ्या, क्लासमधल्या सगळ्यांसारखी. तिच्यातली कुठलीही खोड कोणीही दुरुस्त करून देतं. पण मुलगा किंवा मुलगी दोन-तीन वर्षं वाजवत असेल, उभ्यानं तास तास तालीम करून खांदा दुखत असेल, सात तारांकडे वळायचं असेल किंवा प्रवास फार असेल, तर ही गिटार पैसे वसूल करून देईल. नावाजलेल्या कंपन्यांच्या चांगल्या गिटारी साधारण हजार डॉलरच्या पुढे जातात. म्हणून दुकानात नेऊन अर्धा तास उभ्यानं वाजवू द्या आणि मध्येच म्हणा, "डावा हात सोड बघू." दांडी आहे तिथेच राहिली, तर नेड स्टाइनबर्गरनं ज्यासाठी डोकं काढलं ते काम झालं. खाली झुकली, तर डोकं नसूनही तोल साधलेला नाही, आणि मग किंमत कितीही उतरवून दिली तरी ती गिटार परत ठेवा.

पुढच्या भागात भेटू या. तोवर सुरात राहा. नमस्कार.