सड्यावरच्या म्हशी

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कास पठाराकडे निघालं, की झाडी मागे पडते आणि जांभ्याचा उघडा सडा लागतो. उंची सुमारे १२०० मीटर. खडकावर माती जेमतेम चार बोटं. पावसाळ्यात तिच्यात पाणी तुंबतं, उन्हाळ्यात सगळा सडा तव्यासारखा तापतो. इथे मोठं झाड तगत नाही. तगतात ती वीतभर रोपं: गेंद, वायतुरा, आणि मातीत कस नाही म्हणून किडे धरून जगणारी सीतेची आसवं.

२०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटासोबत कासलाही जागतिक वारसा ठरवलं. तेव्हापासून त्याचं वर्णन ‘अस्पर्श निसर्ग’ असं होऊ लागलं. ते खरं नाही. या सड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गुरं चरली आहेत.

माण, आटपाडी, जतच्या कोरड्या माळावर धनगर मेंढरं राखतात. घाटमाथ्याच्या पावसात मेंढरू टिकत नाही, म्हैस टिकते. म्हणून इथे गवळी धनगरांचे वाडे झाले. म्हशी सड्यावर चरायच्या, लोणी-तूप बाजारात जायचं, त्यावर धान्य यायचं; उतारावर नाचणी-वरी पिकायची.

१८७८च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली आणि चराईला, फिरत्या शेतीला वेसण बसली. पुढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली खोऱ्यातली गावं गेली. १९८५मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २००४मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान, २०१०मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. चांदोलीतली गावं उठून सांगली-कोल्हापूरच्या सपाटीवर वसवली गेली. वाघासाठी जंगल हवंच. पण त्याची किंमत कुणी मोजली, हेही इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

कासला पर्यटकांची झुंबड उडाली, तेव्हा फुलांच्या रक्षणासाठी जाळीचं कुंपण घातलं गेलं. माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. गवत माजलं आणि त्याखाली ठेंगणी रोपं दबू लागली. गुरांचं चरणं आणि शेण सड्याला हवं असतं, असं आसपासच्या गावांचे लोक सांगत होते. अखेर कुंपण निघालं. कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा गावांच्या वन समित्याच आज हंगामात पठाराची राखण करतात.

दक्षिणेला चांदोलीत झोळंबीचा सडा आहे. तिथली वस्ती उठली, गुरंही गेली. सड्यावरचं गवत आता गव्यांचे कळप खातात.