प्रायश्चित्त कुणाचं, कुणासाठी?

दोस्तहो, आधी हा शब्द नीट बघा. प्रायश्चित्त. आपल्या बापजाद्यांनी तो ऐकला भटाच्या तोंडून, आणि तोही लांबून. आपल्याला कुणी कधी प्रायश्चित्त दिलं नाही. कारण प्रायश्चित्त घेतलं की माणूस परत जातीत जातो. आपल्याला परत जायला जागाच नव्हती. महाराची सावली पडलेला माणूस आंघोळ करून शुद्ध व्हायचा. महार मात्र जन्मभर गोदावरीत बसला असता तरी महारच.

मिशनरी मराठी मुलखात आले तेव्हा त्यांना एक गोष्ट मराठीत सांगायची होती. ख्रिस्त वधस्तंभावर मेला, त्याच्या मरणानं पापाची भरपाई झाली, आणि ती एका जातीची, एका देशाची नाही, सगळ्या माणसांची झाली. ह्याला शब्द काय वापरायचा? मराठी बायबलात दोन शब्द बसले. एक पोथीतला, प्रायश्चित्त. दुसरा रस्त्यावरचा, खंडणी. खंडणी म्हंजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धरलेला माणूस सुटावा म्हणून भरायची ती किंमत.

मी ख्रिस्ती घरातला. बौद्ध दोस्त मला विचारतात, तुमचा येशू सगळ्यांसाठी मेला म्हणता, मग त्यानं आमच्या वाड्यात काय फरक पडला? प्रश्न रास्त आहे. पाळकाला विचारला तर प्रवचन मिळतं. म्हणून मी तो इतिहासाला विचारतोय.

१

१८४३ साल, मुंबई. नारायण शेषाद्री नावाचा ब्राह्मण तरुण ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्याच्या घरी राहिला, जेवला. बाप कोर्टात गेला आणि पोराला परत घेऊन आला. पण पोरगं बाटलं होतं. त्याला जातीत घ्यायचं की नाही ह्यावर मुंबईचे ब्राह्मण भांडले. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याची बाजू घेतली आणि प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं म्हणून खटपट केली. सनातनी त्यांच्यावर तुटून पडले.

आता थोरला भाऊ बघा. तो स्कॉटिश मिशनचा पाळक झाला आणि पुढं निजामाच्या मुलखात जालन्याला गेला. तिथं त्यानं मांग-महार ख्रिस्त्यांचं गाव वसवलं. नाव बेथेल.

एकाच आईची दोन पोरं. एकाचं प्रायश्चित्त म्हंजे परक्याच्या घरचं अन्न पोटातून धुऊन काढणं. दुसऱ्यानं जे प्रायश्चित्त मानलं ते त्याला मांगवाड्याच्या वाटेला घेऊन गेलं. शब्द तोच. एक माणसाला आत घेऊन दार लावतो, दुसरा माणसाला दाराबाहेर काढतो.

आणि हे १८४३ मध्येच संपलं असं समजू नका. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये मोठमोठी मंडळी चहाला गेली. टिळक होते, रानडे होते. नावं छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजलं. शेवटी रानड्यांसारख्या सुधारकानंही प्रायश्चित्त घेतलं. एका कप चहाचं! आपल्याला गावच्या पाणवठ्यावर पिढ्यान्‌पिढ्या पाणी भरू दिलं नाही, त्याचं प्रायश्चित्त कुणी घेतल्याचं मला कुठं वाचायला मिळालं नाही.

२

ख्रिस्ती लोकांतही ‘सर्वांसाठी’ हा शब्द फुकट आलेला नाही. त्यावर शतकानुशतकं भांडणं झाली. कॅल्विनच्या परंपरेतल्या लोकांनी हॉलंडमध्ये डॉर्ट इथं १६१८-१९ साली धर्मसभा भरवली. निकाल असा की ख्रिस्ताच्या मरणाची किंमत साऱ्या जगाला पुरेल एवढी आहे, पण तारण लागू होतं ते देवानं निवडलेल्यांनाच. आता निवडलेले कोण हे माणूस ठरवायला बसला की काय होतं, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण ‘निवडलेल्यां’च्याच गावात राहिलो.

अठराव्या शतकात अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात सॅम्युएल हॉपकिन्स नावाचा पाळक झाला. न्यूपोर्ट हे त्याचं गाव, गुलामांच्या व्यापाराचं बंदर. मंडळीतही त्या पैशाची माणसं. हॉपकिन्सनं शिकवलं की ख्रिस्ताचं प्रायश्चित्त सर्वांसाठी आहे. आणि त्याच तोंडानं तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध बोलला. १७७६ साली त्यावर पुस्तिका छापली. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्याला बाजारात विकायचं कसं, हा सरळ हिशेब.

ह्याच विचाराच्या वातावरणातून १८१० साली अमेरिकन बोर्ड निघालं. त्याची माणसं, गॉर्डन हॉल आणि सोबती, १८१३ साली मुंबईला आली. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हंजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं मांडलं. महाराष्ट्रातल्या महार ख्रिस्त्यांचा मोठा हिस्सा ह्या मिशनच्या वाटेनं आला.

पण इथंच एक गाठ आहे. त्याच बोर्डानं अमेरिकेत गुलाम बाळगणाऱ्यांना मंडळीतून काढायला कच खाल्ली. चिडलेली माणसं बाहेर पडली आणि १८४६ साली त्यांनी अमेरिकन मिशनरी असोसिएशन काढली. म्हंजे ‘सर्वांसाठी’ असं तोंडानं म्हणून भागत नाही. मालकाला हात घालायची पाळी आली की खरं कळतं.

३

नगरला काय झालं? मिशनऱ्यांना आधी ब्राह्मण हवे होते. वरचे आले की खालचे आपोआप येतील असा त्यांचा हिशेब. मोजकेच ब्राह्मण आले. हरिपंत ख्रिस्ती १८३९ साली आले. आले ढिगानं ते महार, मागून मांग. दुष्काळात जास्त. १८७६-७८ चा आणि १८९९-१९०० चा दुष्काळ कुणाच्या वाड्यावर पडला असेल ते सांगायला नको. मग गावानं म्हटलं, पोटासाठी बाटले. बाटले तर बाटले! उपाशी माणसाला ज्या देवाच्या घरात भाकरी मिळाली त्या देवाकडं तो गेला, ह्यात लाज त्याची का भाकरी न देणाऱ्या गावाची?

पण भाकरीपेक्षा शाळा मोठी. सिंथिया फरार ही बिनलग्नाची बाई १८२७ साली मुंबईला आली, नंतर नगरला गेली आणि १८६२ साली तिथंच मेली. तिची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता, चौदा वर्षांची मांगाची पोर. तिचा मांगमहारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली छापला तो ‘ज्ञानोदय’नं, नगरला निघालेल्या अमेरिकन मिशनच्या पत्रानं. वेदावर ब्राह्मणांचाच हक्क, तर मग आमचा धर्म कोणता, असं तिनं देवालाच विचारलं. मुक्ता ख्रिस्ती नव्हती. पण तिचा प्रश्न छापायला जागा मिळाली ती सर्वांसाठी प्रायश्चित्त मानणाऱ्यांच्या पत्रात. हे नाकारता येत नाही.

४

आता घरातली घाण. मीच बोललं पाहिजे, बाहेरच्यानं बोलण्याआधी.

एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचं, एका भाकरीचा तुकडा. जात मोडायचं ह्याहून सोपं हत्यार कुणी दिलं असेल? पण तमिळ मुलखात जुन्या मंडळ्यांत वेल्लाळ आधी आणि परया मागून, अशी रांग चालली. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सननं पत्र काढलं की जात सोडा, आत्ताच्या आत्ता सोडा. पुष्कळांनी जातीऐवजी चर्च सोडलं. वडक्कनकुळमच्या कॅथलिक देवळात वेल्लाळ आणि नाडार ह्यांच्यामध्ये भिंत होती. ती १९१० साली पाडली, तर वेल्लाळ कोर्टात गेले. मद्रास हायकोर्टात हरले. भिंत पाडल्याबद्दल फिर्याद! पौलानं इफिसच्या मंडळीला लिहिलं की ख्रिस्ताच्या मरणानं मधली भिंत पडली. इथं ती पडायला कुदळ आणि कोर्ट लागलं.

आणि आपण? महार ख्रिस्ती मांग ख्रिस्त्याला पोरगी देत नव्हता. आजही किती देतात ते ज्यानं त्यानं आपल्या मंडळीत मोजावं. ब्राह्मण ख्रिस्ती नावापुढं जुनं आडनाव मिरवतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपलं सोवळं कसं सुटलं ते लिहिलंय. मोठ्या मनाची बाई. पण सोवळं सुटल्याची हकीगत पुस्तकात आली. सोवळ्याखाली चिरडलेल्यांची हकीगत लिहायला आपल्याला फार उशीर लागला.

५

बाबासाहेबांनी हे सगळं जोखलं होतं. ख्रिस्तीकरणावरचं त्यांचं लिखाण त्यांच्या मागं, १९८९ साली सरकारी खंडात छापून आलं. ख्रिस्ती लोकांत टिकलेल्या जातीवर त्यांनी बोट ठेवलंच. पण खरा घाव दुसरीकडं आहे. ते म्हणतात त्याचा अर्थ असा : मिशनरी अस्पृश्याला शिकवतो की तुझी पडती दशा तुझ्या पापामुळं आहे, भोवतालच्या समाजामुळं, धर्मामुळं नाही. मग तो माणूस समाज बदलायला उठेल कशाला? गुडघे टेकून रडत बसेल.

हा घाव प्रायश्चित्ताच्या शिकवणुकीच्या वर्मी बसतो. सर्वांसाठी प्रायश्चित्त म्हंजे सर्व पापी. ठीक. ब्राह्मणही पापी आणि महारही पापी, एवढं म्हटल्यानं ब्राह्मण खाली येतो, हे मला कबूल. त्या काळात तेही थोडं नव्हतं. पण लाथ मारणारा आणि लाथ खाणारा ह्यांचं पाप एकाच मापानं मोजलं तर माप खोटं. लाथ खाणाऱ्याला तू पापी आहेस म्हणून सांगणं ही दुसरी लाथ.

६

आणि ह्या शिकवणुकीचा उलटा वार आपल्यावर कायद्यानंही झाला. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद वाचा. अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच पाहिजे. १९५६ साली शीख आत घेतले. १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर. कारण काय, तर ख्रिस्ती धर्मात जात नाही! सूसाई ह्या मद्रासच्या ख्रिस्ती चांभारानं सुप्रीम कोर्टात दाद मागितली. १९८५ साली तो हरला. धर्म बदलल्यावरही तसेच हाल चालू राहतात ह्याचा पुरावा कुठं, असं कोर्टानं विचारलं. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगानं सांगितलं की तो परिच्छेदच काढून टाका. परिच्छेद जागच्या जागी. २०२२ साली बाळकृष्णन आयोग नेमला.

म्हंजे गंमत बघा. चर्चनं जे कधी पुरतं केलं नाही, ते सरकारनं झालं असं धरून चाललंय. गावच्या लेखी आम्ही महार-मांग, सरकारच्या लेखी ख्रिस्ती, चर्चच्या लेखी तारण झालेले.

७

तर मग ‘सर्वांसाठी’ हा शब्द टाकून द्यायचा का? नाही. शब्द खरा आहे. राबवला कमी.

राबवला की काय होतं ते जामखेडला बघा. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे ख्रिस्ती डॉक्टर जोडपं. १९७० साली त्यांनी तिथं काम मांडलं. गावातल्या बाया निवडल्या, पुष्कळशा दलित, अंगठाछाप, आणि त्यांनाच गावच्या आरोग्याचं काम शिकवलं. एकत्र बसवून, एकत्र जेवू घालून. पाण्याचे बोअर पाडायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत घेतले. पाणी पाहिजे तर या आमच्या वाड्यात. प्रवचन न देता वरच्या जातीची पायरी अशी उतरवली.

आणि अरविंद निर्मळ ह्या मराठी माणसानं १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्रांच्या धर्मविचाराची हाक दिली. तीच पुढं दलित धर्मविचार म्हणून वाढली. त्याचं म्हणणं, ख्रिस्त स्वतः दलित. थुंकलेला, वेशीबाहेर काढलेला, तुडवलेला. ह्या नजरेनं वधस्तंभाकडं बघितलं की हिशेब फिरतो. मग तो वरून खाली आमची पापं मोजायला आलेला उरत नाही. तो वेशीबाहेर आमच्याबरोबर मेलेला होतो. मग विचारायचं, ह्याला मारलं कुणी? पाप त्यांचं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रायश्चित्त सर्वांसाठी असेल तर पाळकानं महारवाड्यात क्षमा आणि गावात जाब, दोन्ही घेऊन गेलं पाहिजे. नुसती क्षमा वाटणारा पाळक अर्धंच काम करतो. मंडळीनं परिच्छेद तीनसाठी रस्त्यावर उतरावं आणि त्याआधी आपल्याच बाकांवरची जात मोडावी. मांग ख्रिस्त्याच्या घरी सोयरीक न्यावी. बौद्ध भावानं हाक मारली की मोर्चात जावं, बायबल घरी ठेवायची गरज नाही.

खंडणी भरली गेली म्हणता ना? मग धरलेला माणूस अजून सुटला का नाही, हे विचारायला आपण उभे आहोत.