मेटाडेटाची पूर्वपीठिका : १८६७ चा ग्रंथनोंदणी कायदा आणि मराठी ग्रंथ

प्रस्तावना :
मेटाडेटा म्हणजे माहितीविषयीची माहिती होय. ही संज्ञा संगणकयुगात रूढ झाली असली, तरी तिच्यामागील संकल्पना जुनी आहे. ग्रंथाचे वर्णन ठराविक घटकांत विभागून नोंदविण्याची पद्धत ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ च्या २५ व्या कायद्याने शासकीय पातळीवर स्थिर झाली.

नोंदीचे घटक :
छापखाने व वृत्तपत्रांचे नियमन, ग्रंथांच्या प्रतींचे जतन आणि ग्रंथनोंदणी ही या कायद्याची उद्दिष्टे होती. मुद्रकाने शासनाकडे दिलेल्या प्रतीवरून नोंद केली जाई. कलम १८ नुसार ग्रंथनाम व त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, लेखक, भाषांतरकार वा संपादक, विषय, मुद्रण व प्रकाशनाचे स्थळ, मुद्रक, प्रकाशक, दिनांक, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, छपाई टाइपाची की शिळाछापाची, किंमत आणि स्वामित्वहक्कधारक यांचा तपशील आवश्यक होता. या नोंदी दर तिमाहीस राजपत्रात प्रसिद्ध करण्याची तरतूद होती.

डब्लिन कोअरशी तुलना :
१९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यातील डब्लिन येथे भरलेल्या कार्यशाळेतून 'डब्लिन कोअर' ही पद्धती उदयास आली. पुढे तिचे १५ मूलभूत घटक निश्चित झाले. ग्रंथनाम, निर्माता, विषय, प्रकाशक, दिनांक, भाषा व हक्क हे घटक दोहोंत आढळतात. मात्र प्रतींची संख्या आणि किंमत यांसाठी त्या १५ घटकांत स्वतंत्र स्थान नाही. मराठी वाचकवर्गाचा विस्तार अभ्यासणाऱ्या इतिहासकारास तर हेच दोन रकाने अधिक मोलाचे ठरतात.

नोंदीच्या मर्यादा :
मेटाडेटा तटस्थ नसतो. छापखान्यांवर नजर ठेवू पाहणाऱ्या शासनयंत्रणेनेच या नोंदी केल्या. ग्रंथाचा विषय कोणता, हेही तीच ठरवी. शिवाय १८६७ पूर्वीच्या मराठी ग्रंथांना या नोंदणीचा आधार नव्हता. १८०० ते १९३७ या कालखंडातील ग्रंथांची नोंद करणारी शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' म्हणूनच विशेष महत्त्वाची ठरते.

समारोप :
१८६७ च्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली. मार्च २०२४ पासून लागू झालेल्या या कायद्याचा विषय नियतकालिके हा असून ग्रंथनोंदणी त्यातून वगळली गेली आहे. त्यामुळे जुन्या नोंदींचे मोल वाढले आहे. त्यांचे संगणकीकरण करताना आधुनिक साच्यात न बसणारे रकाने गाळले गेल्यास ग्रंथनाम उरेल, परंतु ग्रंथाचा सामाजिक इतिहास हरवेल. म्हणून मूळ नोंदीतील प्रत्येक घटक राखूनच नवी रचना करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरते.