खानेसुमारींतील शेवटचा रकाना

श्रोतेहो, सव्वाशें वर्षांपूर्वीच्या खानेसुमारीचा एक कोरा तक्ता डोळ्यांपुढें आणा. सन १९०१ च्या त्या तक्त्यांत सोळा रकाने होते. घराचा क्रमांक, नांव, धर्म, वय, जात, धंदा, जन्मस्थान, भाषा, साक्षरता अशी माहिती एकामागून एक भरीत प्रगणक शेवटीं सोळाव्या रकान्यापाशीं येई. तो रकाना व्यंगांचा. त्यांत चारच गोष्टी लिहावयाच्या होत्या: वेड, जन्मजात मुकेबहिरेपण, दोन्ही डोळ्यांचें अंधत्व आणि महारोग. एकाच डोळ्यानें आंधळा असलेला मनुष्य लिहूं नये, नुसतें पांढरें कोड असेल तर तेंहि लिहूं नये, अशी सूचना होती. हे शब्द त्या काळचे आहेत. आज आपण ते टाकून दिले आहेत, परंतु इतिहास सांगतांना ते बदलतां येत नाहींत, म्हणून श्रोत्यांनीं क्षमा करावी.

ह्या एका रकान्याची कथा आज सांगावयाची आहे. आपल्या अपंग बांधवांची संख्या सरकारास कधीं नीट कळली काय, आणि कळली नसेल तर कां, हा ह्या कथेचा प्रश्न आहे.

साऱ्या देशभर एकाच वेळीं खानेसुमारी प्रथम झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं. तींत अंध सुमारें ५ लक्ष २७ हजार, मुकेबहिरे १ लक्ष ९७ हजार, महारोगी १ लक्ष ३२ हजार आणि वेडे ८१ हजार भरले. वीस वर्षांनीं, १९०१ सालीं, अंधांची संख्या ३ लक्ष ५४ हजारांवर आली आणि महारोगी ९७ हजारांवर आले. देशाची लोकसंख्या वाढली असतांना अंध मात्र पावणेदोन लाखांनीं घटले! ही सुवार्ता मानावी काय?

पहिलें कारण ऐकवत नाहीं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या दोन दुष्काळांनीं आपला मध्यप्रांत उजाड केला. येथील ब्रिटिश मुलुखाची लोकसंख्या त्या दशकांत सुमारें ९ लाखांनीं घटली. ज्याला दुसऱ्याच्या हातून घांस मिळतो तो दुष्काळांत आधीं मरतो. घटीचा कांहीं भाग म्हणजे ह्या मृत्यूंची नोंद होय. दुसरें कारण व्याख्येचें. पूर्वी म्हातारपणानें मंद झालेली दृष्टि आणि साधे त्वचारोगहि ह्या रकान्यांत शिरत, ते हळूहळू गाळले गेले. तिसरें कारण मात्र निव्वळ कारकुनी आहे. १९०१ मध्यें प्रत्येक माणसाची माहिती चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्या निवडण्याची पद्धत आली. शेवटचा रकाना शेंकडों माणसांच्या बाबतींत कोराच असावयाचा, त्यामुळें उतरवून घेणाऱ्याची नजर त्याच्यावरून सहज घसरे. १९११ मध्यें ह्या कामीं अधिक काळजी घेतली गेली आणि अंधांचा आंकडा पुन्हां ४ लक्ष ४४ हजारांवर चढला. १९३१ सालीं तो ६ लक्षांवर गेला.

ह्या प्रांताच्या १९०१ च्या खानेसुमारीचे प्रमुख आर. व्ही. रसेल हे होते. मध्यप्रांतांतील जातिजमातींवर त्यांनीं रायबहादुर हिरालाल यांच्या साहाय्यानें लिहिलेला चार खंडांचा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला आणि अभ्यासक तो अजून चाळतात. जातीच्या रकान्याच्या पाठीमागें अशी विद्वत्ता उभी राहिली. सोळाव्या रकान्याच्या वांट्यास दर दहा वर्षांनीं अहवालांतील एक प्रकरण आणि कांहीं कोष्टकें आलीं.

त्याच काळीं ही माहिती इतरत्रहि सांठत होती. नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ १८६४ पासूनचें, त्याची नोंदवही वेगळी. १८९८ सालीं महारोग्यांविषयींचा कायदा झाला, त्याचे कागद वेगळे. १९३६ सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठसेवेचें काम आरंभिलें, तेथील हिशेब वेगळा. ह्या साऱ्या वह्या एकत्र आणून ताडून पाहणारें कायमचें खातें नव्हतें. खानेसुमारीचें कार्यालयच दर दहा वर्षांनीं उघडे आणि अहवाल छापून होतांच मिटे. महारोगाची प्रत्यक्ष पाहणी करणाऱ्या डॉक्टरांना गांवोगांव खानेसुमारीच्या कितीतरी पट रोगी आढळले. ज्या रोगाचें नांव निघतांच मनुष्य घराबाहेर काढला जाई, त्याची कबुली दारांत उभ्या असलेल्या पटवाऱ्यापाशीं कोण देणार?

१९४१ सालीं युद्धाच्या काटकसरींत खानेसुमारीच आंखडली गेली आणि हा रकाना गळाला. अधिकारीहि त्याला कंटाळले होतेच, कारण सर्वांत अविश्वसनीय माहिती ह्याच रकान्यांत येते असें त्यांचें मत झालें होतें. औषध लागू पडत नाहीं म्हणून रोगी टाकून देण्याचा हा न्याय होता. पुढें स्वराज्य आलें, १९५१, १९६१ आणि १९७१ च्या गणना झाल्या, परंतु रकाना परत आला नाहीं.

एकत्र बसल्यानें काय साधतें याचीं दोन उदाहरणें मात्र ह्याच काळांतलीं आहेत. केंद्रीय शिक्षण व आरोग्य सल्लागार मंडळांच्या संयुक्त समितीनें १९४४ सालीं अंधत्वावर अहवाल दिला आणि देशांत सुमारें २० लक्ष अंध असावेत असा अंदाज केला. १९३१ च्या आंकड्याच्या हा तिपटीहून अधिक होता. दुसरें उदाहरण ब्रेल लिपीचें. प्रांतोप्रांतीं वेगवेगळ्या ब्रेल लिप्या चालत. १९५१ सालीं साऱ्या भारतीय भाषांसाठीं एकच भारती ब्रेल मान्य झाली. सहा टिंबांचा अर्थ देशभर एक ठरला, म्हणून मराठी आणि हिंदी पुस्तकें एकाच लिपींत छापतां आलीं. ‘अपंग’ ह्या शब्दाचा अर्थ मात्र तसा एक ठरला नाहीं.

१९८१ हें अपंगांचें आंतरराष्ट्रीय वर्ष होतें, म्हणून प्रश्न परत आला. पूर्ण अंध, पूर्ण मुके आणि पूर्ण पांगळे एवढेच विचारले गेले, आणि ११ लक्ष १९ हजार माणसें भरलीं. त्याच वर्षीं सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनें ही संख्या सुमारें १ कोटी २० लक्ष सांगितली. सरकार एक, वर्ष एक, आणि आंकड्यांत दसपटीचें अंतर! १९९१ मध्यें प्रश्न पुन्हां गळाला.

१९९५ च्या कायद्यानें सात प्रकारचें अपंगत्व मानलें, केंद्रांत आणि राज्यांत समन्वय समित्या नेमावयास लावल्या, आणि अपंगत्वाच्या कारणांची पाहणी व संशोधन हें सरकारचें कर्तव्य ठरविलें. तरीहि २००१ च्या गणनेंत हा प्रश्न नसण्याचीच चिन्हें होतीं. जावेद आबिदी आणि इतर कार्यकर्त्यांनीं दिल्लीस नेट लावला, तेव्हां तो पंधरावा प्रश्न म्हणून आला.

त्या गणनेंत मी स्वतः प्रगणक होतों. शिक्षकास हें काम चुकत नाहीं. २००१ च्या फेब्रुवारींत महाल भागांतील एका वाड्यांत मी शिरलों. संध्याकाळ झाली होती आणि अजून बरींच घरें उरलीं होतीं. पुस्तिकेंत दृष्टि, वाचा, श्रवण, हालचाल आणि मन असे पांच प्रकार दिले होते. ते एकेक विचारण्याऐवजीं मीं घाईनें एकच प्रश्न केला, “वहिनी, घरांत कुणी अपंग आहे काय?” त्या म्हणाल्या, “नाहीं हो गुरुजी, देवाच्या दयेनें सगळ्यांचे हातपाय धड आहेत.” मीं नाहीं असें लिहिलें आणि पुढच्या घरीं गेलों. दोन वर्षांनीं त्याच बाई मुलीचें नांव घालावयास आमच्या शाळेंत आल्या. मुलगी सात वर्षांची होती, पण हांक मारली तर वळून पाहत नव्हती. “गुरुजी, हिला ऐकूं येत नाहीं,” आई म्हणाली. मीं गणनेची आठवण दिली, तेव्हां ती गोंधळून म्हणाली, “तुम्हीं ऐकण्याचें कुठें विचारलें होतें?” ती माउली खोटें बोलली नव्हती. तिच्या लेखीं अपंग म्हणजे हातपाय नसलेला. देशाच्या बेरजेंतून ती मुलगी गळाली ती माझ्या एका शब्दानें.

पुढें वाचनांत आलें कीं, त्याच २००१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाखालीं निरनिराळ्या देशांच्या संख्याशास्त्रज्ञांचा ‘वॉशिंग्टन गट’ स्थापन झाला. त्यानें सहा प्रश्न तयार केले. पाहतांना, ऐकतांना, चालतांना, आठवतांना, स्वतःचीं कामें करतांना आणि बोलणें समजतांना वा समजावतांना अडचण येते काय, आणि किती येते, एवढेंच विचारावयाचें. अपंग हा शब्द उच्चारावयाचाच नाहीं. मला हें आधीं ठाऊक असतें तर!

आतां माझ्यासारख्यांच्या चुका बाजूस ठेवून वरिष्ठांचा गोंधळ पाहूं. २००१ च्या गणनेनें २ कोटी १९ लक्ष अपंग मोजले, त्यांत दृष्टीचे १ कोटी ६ लक्ष. पुढच्याच वर्षीं नमुना पाहणीनें दृष्टीचे अवघे २८ लक्ष मोजले. कारण असें कीं, पाहणीनें दोन्ही डोळे उघडे ठेवून तीन मीटरांवरून हाताचीं बोटें मोजतां येतात काय हें पाहिलें, तर गणनेनें एका डोळ्यानें अधू असलेलेहि धरले. १९०१ मध्यें ज्यांना लिहूं नका म्हटलें होतें तेच २००१ मध्यें लिहिले गेले. २०११ मध्यें ते पुन्हां वगळले आणि दृष्टीचा आंकडा ५० लक्षांवर उतरला. उलट कानाला यंत्र लावणारे २००१ मध्यें धरले नव्हते ते २०११ मध्यें धरले, व्याख्याहि रुंद केली, आणि श्रवणाचा आंकडा साडेबारा लक्षांवरून ५० लक्षांवर चढला. दहा वर्षांत निम्मे अंध डोळस झाले नाहींत आणि बहिरे चौपटहि झाले नाहींत. फक्त प्रश्न बदलला. तरी एक सुधारणा मान्य केली पाहिजे. २०११ मध्यें हा प्रश्न पंधराव्या स्थानावरून नवव्या स्थानावर आणला गेला. त्या वेळीं देशांत २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रांत २९ लक्ष ६३ हजार अपंग भरले.

हा केवळ पंडितांचा वाद आहे असें कोणीं समजूं नये. आपल्या विदर्भाचेंच उदाहरण घ्या. येथील अनेक घरांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक रोग आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. मध्यभारतांतील ह्या रोगाचें वृत्त शुक्ल आणि सोळंकी ह्या नागपूरच्या डॉक्टरांनीं १९५८ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या विलायती नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. म्हणजे संशोधन आपल्या दारांत झालें. परंतु ज्या मुलाला दिसतें, ऐकूं येतें, चालतां येतें, आणि जें दर महिन्याला वेदनेनें आठ दिवस अंथरुणास खिळतें, त्याला गणनेंत कोठें बसवावें? २०११ मध्यें त्याच्यासाठीं फार तर ‘अन्य’ हा एक प्रकार होता, आणि त्यांत देशभरचे ४९ लक्ष लोक कोंबले गेले. २०१६ च्या कायद्यानें २१ प्रकार मानले, त्यांत सिकलसेल आला. डॉक्टरांच्या शोधापासून कायद्याच्या मान्यतेपर्यंत ५८ वर्षें गेलीं.

ह्या सव्वाशें वर्षांच्या कथेचें सार थोडक्यांत सांगतों. आरोग्याचें खातें, शिक्षणाचें खातें, समाजकल्याणाचें खातें आणि गणनेचें कार्यालय यांनीं एकत्र बसून आधीं शब्दांचे अर्थ ठरवावे आणि मग मोजावयास निघावें. प्रत्येकानें आपली फूटपट्टी वेगळी ठेवली तर मोजणाऱ्यांची संख्या वाढूनहि माप लागत नाहीं. माप लागल्यावांचून शाळा किती, शिक्षक किती, औषध किती, हें कोणालाहि ठरवितां येणार नाहीं.

१ मार्च २०२७ हा पुढील गणनेचा संदर्भदिन सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला आहे. गणनेसाठीं दारांत येणारा प्रगणक बहुधा माझ्यासारखा थकलेला शिक्षक असेल. त्याला पाणी द्या, बसावयास सांगा, आणि तो घाईंत असला तरी घरांतील कोणास दिसण्याची, ऐकण्याची, चालण्याची वा मनाची अडचण आहे तें आपण होऊन सांगा. त्यांत लाज नाहीं. त्या वाड्यांतील मुलगी आतां मोठी झाली आहे. तिची नोंद ह्या खेपेस तरी व्हावी, अशी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.