विश्रामधाम-वास्तुकला
पर्यटकांच्या निवासाची, भोजनाची व करमणुकीची सोय निसर्गरम्य स्थळी एकाच आवारात करणाऱ्या वास्तूंची रचना. अशा वास्तूस सामान्यतः ‘रिझॉर्ट’ म्हणतात. शहरी हॉटेल रस्ता व बाजारपेठ यांच्या आधारे चालते. विश्रामधामाचे मुख्य भांडवल मात्र समुद्रकिनारा, जलाशय, डोंगर हेच असते. त्यामुळे स्थळाचा उपभोग घडवीत असतानाच ते स्थळ राखणे, हा या वास्तुप्रकारातील मूलभूत प्रश्न होय.

आधुनिक हॉटेलचा आकृतिबंध शहरांत सिद्ध झाला. बॉस्टनचे ट्रेमाँट हाउस (१८२९), मुंबईतील वॉटसनचे लोखंडी सांगाड्याचे हॉटेल (१८६७–६९) व ताजमहाल हॉटेल (१९०३) ही त्याची ठळक उदाहरणे. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानप्रवास वाढला आणि दूरचे किनारे पर्यटनाच्या कक्षेत आले. प्वेर्त रीकोतील सान हुआन येथील कॅरिबी हिल्टन (१९४९) या हॉटेलात समुद्राभिमुख सज्जे व वातानुकूलित खोल्या यांची सांगड घालण्यात आली. पुढे वातानुकूलनामुळे कोणत्याही हवामानात एकच नमुना उभारणे शक्य झाले आणि दूरदूरच्या किनाऱ्यांवर एकसारख्या इमारती दिसू लागल्या.

या एकसुरीपणाला समर्थ पर्याय श्रीलंकेत मिळाला. तेथे १९६६ साली पर्यटन मंडळ स्थापन झाल्यावर जेफ्री बावा (१९१९–२००३) यांनी बेंटोटा बीच हॉटेल (१९६९) उभारले. आयातीवरील निर्बंधांमुळे स्थानिक दगड, लाकूड, हातमाग व बतिक यांचा त्यांनी उपयोग केला. मधला जलकुंडयुक्त चौक, खोल पडव्या व उतरती छपरे यांमुळे वारा खेळता राहिला. निर्बंधातून निपजलेली ही पद्धती पुढे आशियातील अनेक विश्रामधामांनी शैली म्हणून स्वीकारली. दांबुल्लानजीकच्या कंडलमा हॉटेलसाठी (१९९४) बावांनी सिगिरिया दुर्गालगतची नियोजित जागा टाळून दूरच्या जलाशयाकाठचा कडा निवडला. खांबांवर उचललेली ही लांबलचक इमारत कड्याला बिलगून जाते. सपाट छतावरील बाग व दर्शनी भागावरील वेली यांमुळे ती रानात लपून जाते. तथापि जलाशयाचे पाणी दूषित होईल, या भीतीने ग्रामस्थ, भिक्षू व पर्यावरणवादी यांनी या प्रकल्पास तीव्र विरोध केला होता. दिसण्यात नम्र असलेली वास्तूही स्थानिकांच्या पाण्यावर व जमिनीवर भार टाकते, हे या वादातून स्पष्ट झाले.

भारतात चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी केरळातील कोवळम येथे (१९६९–७४) खोल्या डोंगरउतारावर पायऱ्यांप्रमाणे बसवून किनारा मोकळा ठेवला. गोव्यात दोना पावलाजवळ वायंगिणी किनाऱ्यावर त्यांनी रचलेल्या सिदाद द गोवा (१९८२) या हॉटेलात नगराची कल्पना व आभासी भित्तिचित्रे यांचा खेळकर मेळ आहे. या हॉटेलच्या विस्तारित भागामुळे किनाऱ्याकडे जाणारी लोकांची वाट अडते, असा वाद न्यायालयात गेला. किनाऱ्यासारखी नैसर्गिक संपत्ती शासनाकडे जनतेची विश्वस्त ठेव असते, हे तत्त्व उचलून धरून सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली लोकांच्या बाजूने निर्णय दिला. हा विस्तार वाचविण्यासाठी राज्य शासनाने त्यानंतर कायद्यात बदल केल्याने वाद चालूच राहिला.

बांधकामावरील निर्बंध १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने स्पष्ट केले. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मी. पट्टा सामान्यतः बांधकामास वर्ज्य ठरला. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी तो ५० मी. केला. वास्तुरचनेच्या दृष्टीने हा केवळ अंतराचा बदल नव्हे. वाळूच्या टेकड्या, मासेमारांच्या होड्या व जाळी आणि गावाची वाट यांना उरणारी जागा त्यावर ठरते.

जुन्या वास्तूंचा पुनर्वापर हा दुसरा प्रवाह. राजस्थानातील नीमराणा किल्ल्यात १९९१ मध्ये हॉटेल सुरू झाले. नव्या जमिनीवर आक्रमण न करता भग्न वास्तू जगविणे, हे त्याचे वैशिष्ट्य. पर्जन्यजलसंचय, सांडपाण्याचे शुद्धीकरण व नैसर्गिक वायुवीजन यांनाही आता महत्त्व आले आहे. परंतु स्थानिक दगड व कौले वापरली म्हणजे स्थळाशी इमान राखले, असे होत नाही. पाणी, वाट व किनारा यांवरील पूर्वापार हक्क अबाधित राहिले की नाही, हीच विश्रामधामाच्या रचनेची खरी कसोटी होय.