आपद्ग्रस्तास मिळतें तें दान कीं देणें?

आंबोलीचा घाट ज्यांनीं आषाढांत पाहिला आहे त्यांस येथील पावसाचें वर्णन ऐकविण्याचें कारण नाहीं. सावंतवाडीहून बेळगांवाकडे जाणारा रस्ता येथें सह्याद्रि चढतो. हिरण्यकेशी येथेंच उगम पावते. आणि महाराष्ट्रांतील अतिपर्जन्याच्या स्थळांत ह्या गांवाची गणना होते. दरड कोसळून घाट बंद पडणें हें पावसाळ्यांत नवल नव्हे. अशाच एका दिवशीं शेजारच्या वाडीवरील एका वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं सहज विचारलें कीं, दरडीखालीं घर गेलें तर सरकारापाशीं काय मागाल? तो म्हणाला, "मास्तरांनू, सरकार देयत ता घेवचा. मागूक आमचो हक्क खंयचो?"

ह्या उत्तरानें आमच्या मनांत जो प्रश्न उभा राहिला, त्याचा ऐतिहासिक दृष्टीनें विचार करण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे. आपत्तींत सांपडलेल्या मनुष्यास जें मिळतें तें दान कीं देणें? आणि देणें असल्यास, तसें त्यास कोणीं सांगावयाचें?

जुना आधार पाहूं जातां कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांतील उपनिपातप्रतीकाराचा अध्याय प्रथम पुढें येतो. अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष, मूषक, श्वापदें, सर्प व राक्षस अशीं आठ दैवी महाभयें तेथें सांगून त्यांपासून जनपदाचें रक्षण करणें हें राजाचें काम ठरविलें आहे. नदीकांठच्या गांवांनीं पावसाळ्याच्या रात्रीं पुराची हद्द सोडून राहावें; पुरांत वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, होड्या इत्यादि साधनांनीं तारावें; साधन असून जो धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड. दुर्भिक्षांत राजानें बीं व अन्न पुरवावें, किंवा दुर्ग व सेतु ह्यांचीं कामें काढून त्यांवर अन्न द्यावें. राक्षसांचा निर्देश सोडला तर ही व्यवस्था आजच्या कचेरींतही शोभेल. परंतु येथें कर्तव्य राजाचें आणि दंड प्रजेस आहे. राजा चुकला तर प्रजेनें कोठें जावें ह्याविषयीं हा अध्याय मौन धरतो.

तें मौन आमच्या प्रांतांत प्रथम स्पष्टपणें भंगलें तें इ. स. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत. इ. स. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं दुष्काळी कामावरील मनुष्याचें वेतन दिवसास एक पौंड धान्य व एक आणा इतकें खालीं आणिलें. तेवढ्यावर माती खोदणाऱ्याचें शरीर टिकत नाहीं हें सांगण्यास वैद्याची गरज नव्हती. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून निघून गेले; आणि इ. स. १८७० मध्यें स्थापन झालेल्या पुणें सार्वजनिक सभेनें गांवोगांवची माहिती मिळवून सरकारकडे एकामागून एक पत्रें धाडिलीं. ह्या उद्योगांत गणेश वासुदेव जोशी व महादेव गोविंद रानडे हे अग्रणी होते. पुढें सर रिचर्ड स्ट्रॅची ह्यांच्या आयोगानें इ. स. १८८० मध्यें आपला अहवाल दिला व इ. स. १८८३ मध्यें दुष्काळसंहितेचा नमुना तयार झाला. दुष्काळ कसा ओळखावा, कामें केव्हां काढावीं, अशक्तांस फुकट अन्न कोणीं द्यावें, हें सर्व तींत लिहिलेलें होतें. मात्र ती संहिता म्हणजे अधिकाऱ्यांस दिलेली आज्ञा होती. रयतेनें ती वाचावी अशी अपेक्षा कोणाचीच नव्हती.

नेमकें तेंच इ. स. १८९६-९७ च्या दुष्काळांत घडलें. टिळकांच्या 'केसरी'नें संहितेंतील तरतुदी मराठींत उघड्या केल्या. सभेचे कार्यकर्ते खेड्यांत जाऊन, पीक बुडालें असतां साऱ्याची तहकुबी वा सूट मागतां येते, काम मागणें हें भीक मागणें नव्हे, असें शेतकऱ्यांस सांगूं लागले. जें सरकारनें स्वतःच लिहून ठेविलें होतें तेंच हे लोक वाचून दाखवीत होते. तरीही सरकारास ही चिथावणी वाटली, आणि इ. स. १८९७ मध्यें सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशीं बोलणारी संस्था म्हणून सभेस असलेली मान्यता काढून घेण्यांत आली. आमच्या मतें ह्या विषयाच्या इतिहासांतील ही सर्वांत बोधप्रद गोष्ट होय. संहिता इंग्रजींत होती तोंवर कोणास तिचें भय नव्हतें. ती मराठींत येतांच भय उत्पन्न झालें.

त्याच वर्षीं, प्लेगच्या निमित्तानें, साथरोगांचा कायदा झाला. चार कलमांच्या त्या कायद्यानें सरकारास घरांत शिरण्यासारखे विशाल अधिकार वापरतां आले. रोग्याच्या हक्काचा त्यांत शब्द नव्हता. पुण्यांत त्यावरून जो क्षोभ झाला तो सर्वश्रुत आहे. हाच कायदा इ. स. २०२० मध्यें कोविडच्या वेळीं पुन्हां लागू करण्यांत आला. आपत्तीचा कायदा मनुष्याचें रक्षण करूं शकतो, तसाच त्याला नुसतें हुकमाचें धनीही करूं शकतो, हें येथें दिसून येतें.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रानें ह्या मार्गावर एक पाऊल खरोखरच पुढें टाकिलें. इ. स. १९७२ च्या भीषण अवर्षणांत वि. स. पागे ह्यांच्या पुरस्कारानें निघालेली रोजगार हमी योजना इ. स. १९७७ च्या कायद्यानें हक्काच्या स्वरूपांत आली, व तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. काम न दिल्यास भत्ता द्यावा लागे. १८७७ मध्यें माती टाकून निघून गेलेल्या मजुरांचें म्हणणें शंभर वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत उतरलें.

त्यापुढील टप्पा म्हणजे इ. स. २००५ चा आपत्तिव्यवस्थापन कायदा. त्याच्या मूळ बाराव्या कलमांत निवारा, अन्न, पाणी, औषधोपचार, विधवा व अनाथ ह्यांची विशेष सोय आणि प्राणहानीबद्दल साहाय्य ह्यांचीं किमान मानें ठरविण्यास सांगितलें होतें. एकसष्टाव्या कलमानें साहाय्यांत लिंग, जात, जमात, वंश वा धर्म पाहूं नये असें ठरविलें. ३० जून २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बारावें कलम ऐच्छिक नसून बंधनकारक असल्याचा निर्णय दिला, आणि त्यानंतर कोविडच्या मृतांच्या वारसांसाठीं प्रत्येकीं ५०,००० रुपये ठरले. जगाचा ओघही ह्याच दिशेनें आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधि आयोगानें इ. स. २०१६ मध्यें आपत्तिकालीन मनुष्यरक्षणाविषयीं अठरा अनुच्छेदांचा मसुदा संमत केला, व त्यांत आपद्ग्रस्ताची प्रतिष्ठा आणि हक्क ह्यांस स्थान दिलें.

तथापि लिहिलेलें पुसतांही येतें. तीव्र आपत्तींत कर्जफेडीच्या सवलतीची शिफारस करण्याचा अधिकार ज्या तेराव्या कलमानें राष्ट्रीय प्राधिकरणास दिला होता, तें कलम इ. स. २०२५ च्या दुरुस्तीनें गाळण्यांत आलें. तें होतें हें ज्यास ठाऊकच नव्हतें, तो तें गेलें म्हणून तक्रार कशी करणार?

येणेंप्रमाणें विचार करितां आमचा निष्कर्ष असा कीं, दान आणि देणें ह्यांतील भेद केवळ कायद्याच्या अक्षरांत नाहीं. तें अक्षर घेणाऱ्याच्या भाषेंत पोंचलें कीं नाहीं ह्यांत आहे. कौटिल्यानें कर्तव्य सांगितलें, स्ट्रॅचीनें संहिता सुचविली, पण रयत बोलूं लागली ती 'केसरी'च्या मराठींत. १८९७ पूर्वीं सभेनें जें काम केलें तें आज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, पावसाळ्यापूर्वीं, सोप्या शब्दांत व्हावयास पाहिजे. घाटाखालच्या वाड्यांस त्याची जितकी निकड आहे तितकी पुण्यामुंबईसही नाहीं.

मग आम्हीं त्या शेतकऱ्याकडे पुन्हां गेलों व साहाय्याविषयींचीं कलमें मराठींत वाचून दाखविलीं. तो बराच वेळ ऐकत राहिला. शेवटीं त्यानें एवढेंच म्हटलें, "ह्या खंय लिवलेला आसा, ता माका दाखवा." आम्हीं कागद त्याच्या हातीं दिला.