उसनी साधने आणि प्राथमिक शाळा

शिक्षणाचे नवे साधन विनामूल्य मिळाले की खर्च वाचल्याचे समाधान प्रशासनास होते. ते किती टिकेल, हा प्रश्न मात्र मागाहून सुचतो.

१ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ हा उपग्रह दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम दिसू लागले. परंतु उपग्रह ‘नासा’ने वर्षभरासाठीच दिलेला होता. ३१ जुलै १९७६ रोजी मुदत संपली आणि अनेक खेड्यांतील पडदे अंधारले.

पुढे आंतरजालावर गणित व भाषेचे असंख्य मोफत खेळ आले आणि शिक्षकांनी ते हौसेने वर्गात नेले. त्यांतील बरेचसे ‘फ्लॅश’ या तंत्रावर बेतलेले होते. ३१ डिसेंबर २०२० रोजी अ‍ॅडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला. त्यानंतर जे खेळ नव्याने रचले गेले नाहीत, ते ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले.

केरळने निराळी वाट धरली. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पाने पुढे मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले. त्यातील ‘जीकॉम्प्रिस’ हा बालखेळांचा संच एकदा संगणकात बसविला की आंतरजालावाचून चालतो. त्याची प्रत काढण्यास वा भाषांतर करण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून अशा प्रस्तावावर टिप्पणी लिहिताना किमतीच्या आधी एक प्रश्न नोंदवावा: देणाऱ्याने उद्या हात आखडला, तर वर्गात काय उरेल?